शेहेचाळिसातलं एक

रामदासपेठ, नागपूर
२८ नोव्हेंबर १९७७

ती. सौ. गोपिकावहिनीस सुहासचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत चार दिवस घरी होते, पण तुझ्याशी धड दोन शब्द बोलणं झालं नाही. मी स्वयंपाकघरात आले की पाठोपाठ आई यायची आणि तू घागर घेऊन विहिरीकडे जायचीस. म्हणून हे पत्र.

नव्या नोकरीचं तू विचारलं होतंस. आमच्या डॉक्टर प्रेमलताबाई दिल्लीहून हे काम शिकून आल्या आणि त्यांच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस. माणसाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखी गुणसूत्रं असतात. नाक, रंग, उंची, लेकराला आईबापांकडून जे मिळतं ते त्यांच्यातून येतं. एकूण शेहेचाळीस, निम्मी आईची, निम्मी बापाची. रक्ताच्या कर्करोगाचे रोगी, जन्मतः मंद असलेली मुलं, आणि ज्यांचं बाळ पोटात टिकत नाही अशा बाया, या सगळ्यांच्या रक्तात ती कशी आहेत ते आम्ही पाहतो.

काम निम्मं स्वयंपाकाचं, निम्मं शिवणाचं. रक्ताचे थेंब बाटलीत घालून तीन दिवस उबेला ठेवायचे. त्यात राजम्याचा अर्क घालतात, त्याने पेशी वाढायला लागतात. बाहेरून येणारं औषध कधीच वेळेवर येत नाही, म्हणून बाई इतवारीच्या बाजारातून राजमा आणून अर्क स्वतःच काढतात. मग काचेवर थेंब टाकायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकातून फोटो घ्यायचा आणि फोटोतलं एकेक गुणसूत्र कात्रीने कापून जोड्या लावायच्या. माझे टाके पाहून तू हसायचीस ना, इथे बाई हसतात. हात बसावा म्हणून मी स्वतःचंच रक्त वापरते, तर दर वेळी पंचेचाळीसच भरतात. बाई म्हणाल्या, तुझा हात जड आहे, थेंब पडताना एक उडून जातं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दसऱ्याला तुझं चौथं बाळ गेलं. आई काय काय बोलली ते मला शेजारच्या इंदुताईंकडून कळलं. तू आणि दादाने एकदा इथे येऊन रक्त द्यावं असं मला फार वाटतं. का होतं ते निदान कळेल.

उत्तर दोन ओळींचं आलं तरी चालेल. तुझी माया माहीत आहे म्हणूनच एवढं लिहायचं धाडस केलं.

तुझी,
सुहास


सावनेर
११ डिसेंबर १९७७

चि. सुहासबाईंना गोपिकाचा सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. पोस्टमननं ते थेट सासूबाईंच्या हाती देलं. त्याईले वाचता येत नाही म्हणून निभावलं. मी सांगतलं का सुहासबाई स्वेटरचा नमुना विचारून राहिल्या. तुमच्या नावानं खोटं बोलली, रागावजा नका.

कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे. तूर फुलावर आली. माझी तब्येत बरी आहे, कंबर तेवढी धरते. दोन तिसऱ्या महिन्यात गेले, एक पाचव्यात, आता हे. पाचव्यातला मुलगा होता, हे तुम्हाला कोणी सांगतलं नसंल. मी पाहिला होता त्याले.

तुमच्या दादांना विचारलं. ते बुटाची नाडी बांधून राहिले होते, पाळीवर खापरखेड्याच्या वीजघराले निघायची घाई. म्हणाले, मी बॉयलरपुढे आठ आठ तास उभा राहतो, मले काय धाड भरली, बाईच्या रोगाले माणसाचं रक्त काहून पाहिजे. मंग मी ठरवलं. मी एकटी येते. पुढच्या सोमवारी इंदुताई चष्म्यासाठी नागपूरला जाणार, त्याईच्या संगं येईन.

सासूबाई म्हणतात का संक्रांत झाली का केळवदला माहेरी जाय, हवापालट होईल. लग्नातली पातळं पण घेऊन जाय म्हणाल्या. हवापालटाले कोणी लग्नातली पातळं नेते काय, तुम्हीच सांगा. तुमच्या रुखमाआत्या हे सगळं ऐकतात. मामंजी होते तोवर निदान त्याईले भाऊ होता, आता त्या दिवसभर कोणाशीच बोलत नाही. पण रोज माझ्या डोक्याले तेल घालून देतात. बोटं इतकी जोरानं दाबतात का वाटते, काही सांगायचं असंल.

सोमवारी भेटूच. तोवर आठवण ठेवा.

तुमची,
गोपिका


नागपूर
९ जानेवारी १९७८

ती. दादास सुहासचा शि. सा. न. वि. वि.

वहिनी रक्त देऊन गेली हे तुला माहीत असेलच. काल निकाल आला. तिची गुणसूत्रं शेहेचाळीस. बाईंनी तीस पेशी मोजल्या, मी मोजल्या त्या वेगळ्या. एकही कमी नाही, जास्त नाही, कुठे मोडलेलं नाही. मी जड हाताची खरी, पण तिचं एकही उडून गेलं नाही.

दादा, बाळ दोघांचं असतं. निम्मं तुझ्यातून जातं. एकाचंच तपासून निकाल लावणं म्हणजे अर्धं उत्तर, असं बाई म्हणतात, आणि त्या रागावून बोलत नाहीत, शांतपणे बोलतात. तुझ्यात काही निघेलच असं नाही. निघालं तरी त्याने तुझी ताकद कमी होत नाही, नोकरी जात नाही, मिशी गळत नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

आईने काटोलकडची एक मुलगी पाहून ठेवली आहे असं ऐकते. हे खरं नसेल असं मी धरून चालते. खरं असेल तर तू मला लहानपणी सायकलवर डबलसीट बसवून शाळेत नेणारा दादा आहेस यावर विश्वास ठेवणं मला जड जाईल.

रागावलास तरी चालेल, पण ये. तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
सुहास


सावनेर
१७ जानेवारी १९७८

चि. सुहास हीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. तुला शिकवले ते बाबांनी आणि मी. ते अशी पत्रे लिहिण्यासाठी नव्हे. घरातल्या गोष्टी काचेवर घालून परक्यांना दाखवणे मला पसंत नाही. आमच्या खात्यात दोनशे माणसे आहेत. मी कशासाठी रक्त देऊन आलो हे एकाला कळले की सगळ्यांना कळेल, मग कोणत्या तोंडाने पाळीवर जायचे ते तू सांगावेस.

गोपिका परवा केळवदला गेली. आईची इच्छा. मी तिला अडवले नाही, हे तुला दुसऱ्यांकडून कळण्यापेक्षा मीच लिहितो.

थंडी आहे, शाल वापरत जा. राग आला असला तरी मी तुझा मोठा भाऊच.

मार्तंड


केळवद
६ फेब्रुवारी १९७८

चि. सुहासबाईंना गोपिकाचा नमस्कार.

पत्त्यावरून समजलंच असंल. तीन आठवडे झाले. इथे सगळे बरे आहेत. नानाजी, म्हणजे माझे वडील, मले काही विचारत नाही, फक्त संध्याकाळी अंगणात बाज टाकून रस्त्याकडे पाहत बसतात. ते पाहिलं का मले रडू येते, म्हणून मी मागच्या अंगणात भांडे घासत राहते. घासलेलेच घासते.

त्या दिवशी स्टँडवर मले सोडायले रुखमाआत्या आल्या. बाकी कोणी आलं नाही. बस यायले उशीर होता. त्या अचानक बोलल्या. म्हणाल्या, मले पण याच जागेवर उतरवून देलं होतं. भाऊ घ्यायले आला होता, सासरचा माणूस माझी पेटी खाली ठेवून त्याच बसनं वापस गेला. पस्तीस वर्षं झाली, वापस न्यायले कोणी आलं नाही, वं. एवढं बोलून त्या उभ्याच राहिल्या. बस निघाली तरी उभ्या होत्या.

माझं सगळं बरोबर निघालं, असं तुमचं पत्र मी ब्लाउजमध्ये ठेवून आणलं. पण ते कोणाले दाखवू? माझं बरोबर आहे म्हणून जे झालं ते बदलते काय?

तुम्ही तिकडे नीट जेवत जा. पत्र येत राहू द्या, तेवढाच आधार.

गोपिका


नागपूर
४ मार्च १९७८

ती. सौ. वहिनीस सुहासचा नमस्कार आणि खूप खूप लिहायचं आहे.

गेल्या महिन्यात तेरा तारखेला सकाळी साडेआठला मी प्रयोगशाळा उघडली तर पायरीवर दादा. रात्रपाळी करून तसाच आलेला, अंगावर खाकी, कानामागे कोळशाची काजळी. आत येऊन खुर्चीवर बसला, बाही वर केली आणि भिंतीकडे पाहत राहिला. रक्त घेऊन झाल्यावर म्हणाला, रुखमाआत्यानं माझं ताट वाढणं बंद केलं आहे. एवढंच. तुला पोचवून ती घरी गेली आणि त्याला म्हणाली की तुझ्या वडलांनी मला ठेवून घेतलं म्हणून मी जगले, तू तुझ्या बायकोला टाकणार असशील तर तुझं जेवण तूच वाढून घे. महिनाभर आपल्या हाताने वाढून घेत होता बिचारा. त्याला ते जमत नाही, तुला माहीतच आहे.

वहिनी, दादाची पंचेचाळीस आहेत.

पहिल्यांदा मला वाटलं, पुन्हा माझाच हात. पण बाईंनी स्वतः मोजली. एक मोठं गुणसूत्र आणि एक लहान, दोन्ही एकमेकांना चिकटून एक झालेलं. म्हणजे कमी काही नाही, सामान सगळं तेवढंच, पण दोन गाठोडी एकत्र बांधलेली. म्हणून दादा ठणठणीत. पण बाळाला निम्मं सामान देताना ती जोडगाठोडी सुटत नाही. मग एखाद्या बाळाला लहान गुणसूत्र जास्तीचं जातं, एखाद्याला जातच नाही, आणि ते बाळ टिकत नाही. एखादं मात्र अगदी नीट बनतं. बाई म्हणाल्या, पुरुषात हे असलं की पुढे चांगलं मूल होण्याची आशा बरीच असते. हे वाक्य दोनदा वाच.

त्यानंतर बाईंनी माझं कपाट उघडलं आणि नोव्हेंबरातल्या माझ्या काचा काढल्या. उडून गेलेलं काही नव्हतं. माझ्यातही तेच आहे. बाबांकडून आलं असणार, आईचं म्हणावं तर आत्याची गोष्ट आठवते, मूल टिकत नाही म्हणूनच तिला सासरच्यांनी टाकलं असं म्हणतात. माझ्याबद्दल नंतर लिहीन.

निकाल ऐकायला दादा पुन्हा आला होता. मी चहा केला तो थंड झाला. मी म्हटलं, आईला दाखवायला कागद लिहून देते. तो म्हणाला, कागद नको, तोंड आहे मला. आणि गेला. तो केळवदला येईल. आला तर तुला वाटेल तसं वाग, माझ्यासाठी काही सोसू नकोस.

तुझीच,
सुहास


केळवद
२० मार्च १९७८

चि. सुहासबाईंना गोपिकाचा नमस्कार.

तुमचे दादा आले होते. नानाजींना वाटलं, सोडचिठ्ठीच्या कागदावर सही घ्यायले आले. त्याईनं पाणी पण विचारलं नाही. ओसरीवर माझे दोन चुलतभाऊ बसले होते, त्याईच्या समोर हे उभ्यानंच बोलले. म्हणाले, दोष गोपिकेत नाही, माझ्यात आहे, तपासून आलो, तिच्याशी जे केलं ते चूक केलं. तिले यायचं असंल तर मी न्यायले आलो, नसंल यायचं तरी माझं म्हणणं काही नाही. नानाजी बाजेवरून उठून उभे राहिले.

मी दाराआड होती. सुहासबाई, खरं सांगू काय? मले आनंद झाला नाही. मले इतका राग आला का हातातला तांब्या खाली ठेवता येईना. चार वेळा मी एकटी झोपून रडली, तवा हे पाठ करून झोपत. आता काचेत दिसलं तवा खरं वाटलं. माझं तोंड पाहून दिसलं नाही.

मी बाहेर आली आणि सांगतलं का आज येत नाही. आधी सासूबाईंना सांगा. मशीन, डॉक्टर, इंग्रजी शब्द काही नको, तुमच्याच शब्दात सांगा, आणि सांगून झालं का मंग या. ते मान खाली घालून गेले. मले वाटलं, संपलं.

चौथ्या दिवशी आले. संगं रुखमाआत्या. आत्या आमच्या दारात उभ्या राहून नानाजींना म्हणाल्या, मी सून न्यायले आली. मी आत जाऊन पेटी भरली. पातळं घड्या न करताच कोंबली.

उद्या सावनेरले निघतो. सासूबाईंनी ऐकून घेतलं म्हणे आणि मंग तीन दिवस देवघरातून उठल्या नाही. पुढचं पुढे.

तुमच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली. तुम्हाले पाहून गेलेल्या वर्ध्याच्या त्या वसंतरावांचं काय झालं? तीनदा भेटले होते ना? मले सगळं लिहा. माझं सगळं तुम्हाले माहीत आहे, तुमचं मले नको काय?

गोपिका


नागपूर
१६ एप्रिल १९७८

ती. सौ. वहिनीस सुहासचा नमस्कार.

तू सावनेरच्या पत्त्यावरून लिहिलेलं कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.

वसंतरावांना मी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, लग्न ठरायच्या आधी हे सांगायलाच हवं असा काही नियम नाही, पण मला लपवून चालणार नव्हतं. बाईमाणसात हे असलं तर धोका पुरुषापेक्षा जास्त. मंद मूल जन्मण्याची शक्यता शंभरात दहा-पंधरा, पोटातच जाण्याची वेगळी. मी कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी नीट ऐकलं, दोन-तीन हुशार प्रश्नही विचारले. मला वाटलं, हा माणूस चांगला आहे. जाताना आकृतीचा कागद घडी करून खिशात ठेवला. पंधरा दिवसांनी त्यांच्या काकांचं पत्र आलं, पत्रिका जुळत नाही. जानेवारीत जुळत होती.

रडले, वहिनी. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी काचा रंगवताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतः उठून माझ्यासाठी संत्र्याचा रस काढून आणला, उन्हाळा आहे म्हणून. आता बरी आहे. अगदी बरी नाही, पण कामाला बसता येतं.

एक गोष्ट तुझ्याच कानावर घालते. बाईंना आपल्या घराण्याचा पूर्ण अभ्यास करायचा आहे. एका घरात हे पिढ्यान्‌पिढ्या कसं उतरतं ते कळलं तर पुढच्या शंभर घरांना सांगता येईल. त्यासाठी रुखमाआत्याचं रक्त हवं. मी नाही म्हटलं. तुझ्या निकालाने तू सुटलीस. आत्याचा निकाल आला आणि तिच्यात हे निघालं, तर पस्तीस वर्षांपूर्वी तिच्या सासरचे जे बोलले तेच मी माझ्या हाताने खरं ठरवीन. तिला यातलं काही बोलू नकोस.

उन्हात फिरू नकोस. माझी काळजी करतेस हे ठाऊक आहे, तरी थोडीच कर.

सुहास


सावनेर
२ मे १९७८

चि. सुहासले रुखमाआत्याचा आशीर्वाद. लिहून राहिली गोपिका, बोलून राहिली मी. तिले सांगतलं हाय का मी बोलीन तसंच लिहजो, सुधरवू नको.

पोरी, तुहं पत्र मीच तिच्याकडून वाचून घेतलं. उशीखाली सापडलं. गोपिकेवर रागावजो नको. तू मले इचारल्याबिगर माह्यासाठी नाही म्हणून देलं, हे मले पटलं नाही. माहं रगत हाय, देऊ का नको हे मी पाहीन.

तुले ठाऊक नाही ते आता सांगतो. मले दोन लेकरं पोटातच गेले. तिसरा जगला. रुपराव नाव ठेवलं. नाक चपटं, डोये तिरपे, जीभ भायेर यायची. तीन वर्साचा झाला तवा चालला. बोलला नाही कधी, पण मी शेतातून आली का टाया वाजवे. गावातले पोट्टे त्याले चिडवत अन् तो त्याईच्याच संगं हासे. सहा वर्साचा झाला अन् छातीत कफ भरून गेला. तेरवी झाली अन् मले इथं आणून सोडलं. नवऱ्यानं दुसरी केली. त्याचं मले काही नाही.

पण एक गोठ मी आजवर कोनाले सांगतली नाही. तुह्या बापाले बी नाही. रुपराव पोटात होता, आठवा महिना. आंगनात सरकी वाळू घातली होती, तिच्यात बकरीनं तोंड घातलं. म्या काठी फेकून मारली. तिच्या कपायाले लागली, ती आडवी झाली. मेली नाही, पन जलमभर मान वाकडी करून चाले. लेकरू झालं तवा सासू म्हणे, पाय, बकरीवानी तोंड घेऊन आलं, तुह्या हाताचं पाप हाय. मी तवापासून बकरी दिसली का मान खाली घालतो. रुपराव टाया वाजवे तवा बी मले ते आठवे अन् म्या त्याले पोटभरून जवळ घेतलं नाही, पोरी. भेव वाटे.

आता तू पायजो. मशीनखाली पायजो अन् सांगजो का हे त्या काठीनं झालं का नाही. खरं असंल ते सांगजो. बरं वाटावं म्हणून बोलू नको. मी साठीची झाली, मले कोनी आता कुठं सोडून येत नाही. दोष माह्यातच निंघला तरी चालते, पन कोनता दोष ते समजू दे.

मी येत्या इतवारी मार्तंडसंगं येतो. रगत काढाले उपाशी लागते का जेवून, ते कळवजो.

रुखमाबाई
(निशानी अंगठा)


नागपूर
२८ मे १९७८

ती. रुखमाआत्यास सुहासचा साष्टांग नमस्कार. गोपिकावहिनी, हे आत्याला हळूहळू वाचून दाखव, आणि सगळ्यांसमोर वाच असं ती म्हणाली तर सगळ्यांसमोर वाच.

आत्या, तू खरं सांग म्हणालीस म्हणून पहिली ओळ खरी. तुझी पंचेचाळीस आहेत. दादाचं आणि माझं आहे तसंच, तेच मोठं आणि तेच लहान एकत्र. तिघांचे फोटो शेजारी ठेवले तर बाईंनाही कोणतं कोणाचं ते चिठ्ठी पाहून सांगावं लागलं.

आता दुसरी ओळ. हे तुझ्या जन्माच्या आधीचं आहे. तू तुझ्या आईच्या पोटात मुगाच्या दाण्याएवढी नव्हतीस तेव्हाच हे तुला मिळालं. आजोबांकडून किंवा आजीकडून, आणि त्यांना त्यांच्या आधीच्या कोणाकडून. बाबांनाही तेच मिळालं होतं, ते आयुष्यभर ऐटीत वावरले आणि त्यांना कळलंही नाही. तू काठी फेकलीस तेव्हा रुपराव आठ महिन्यांचा होता पोटात. त्याला जे जास्तीचं एक गुणसूत्र मिळालं ते पहिल्याच दिवशी, तू पोटुशी आहेस हे तुलाही माहीत नव्हतं तेव्हा. तू त्या दिवशी बकरीला ओवाळलं असतंस तरी तो तसाच जन्मला असता. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. हे मी मोजलं आहे.

बाईंकडे अशी मुलं येतात. आतापर्यंत एकोणीस पाहिली. ब्राह्मणाची, कोष्ट्याची, सिंध्याची, मास्तराची, हमालाची. सगळ्यांचे डोळे तसेच, जीभ तशीच, आणि बहुतेक सगळी हसरी. त्यांच्या आयांनी कोणी मांजर मारलं होतं, कोणी ग्रहण पाहिलं होतं, एकीने फक्त सासूला उलट उत्तर दिलं होतं. प्रत्येकीकडे एक बकरी आहे, आत्या. मी रक्त घेताना आता आधी तेच विचारते आणि आधी तेच पुसून टाकते.

बाईंनी आपल्या घराण्याची आकृती केली. तिच्यात बायांसाठी गोल आणि पुरुषांसाठी चौकोन काढतात, नावं लिहीत नाहीत. तुझ्या गोलाखाली एक चौकोन आहे. त्या आमच्या कपाटातल्या प्रतीवर मी पेन्सिलने रुपराव असं लिहिलं. बाईंनी पाहिलं, खोडलं नाही.

तू त्याला जवळ घेतलं नाहीस म्हणतेस. तू शेतातून आलीस की तो टाळ्या वाजवायचा, हेही तूच सांगितलंस. लेकरू उगाच टाळ्या वाजवत नाही.

तुझ्या पायाशी,
सुहास


सावनेर
२० जानेवारी १९८०

चि. सुहास हीस दादाचे अनेक आशीर्वाद.

बाईंबरोबर परिषदेला जाऊन आलीस आणि तिथे सगळ्यांपुढे उभी राहून बोललीस, हे कळून फार बरे वाटले. आपले घराणे त्या लेखात कुटुंब क्रमांक तीन म्हणून छापले आहे, असे लिहिलेस. एक आणि दोनमध्ये कोण आहे ते विचारणार नाही.

आमची शामला चार महिन्यांची झाली. पालथी पडते आणि मग सरळ होता येत नाही म्हणून ओरडते. ती पोटात असताना नऊही महिने गोपिका रोज सकाळी माझ्याकडे पाहून सांगायची, अजून आहे. मी पाळीवर जायचो ते एवढे ऐकूनच. तू शामलेचे रक्त तपासू का असे विचारले होतेस. गोपिका नको म्हणते. मुलगी खाते-पिते, हसते, नजर धरते. ती मोठी झाली की आम्ही तिला सगळे सांगू आणि तपासायचे की नाही ते तीच ठरवील. मला ते पटले. लपवून मात्र ठेवायचे नाही, हे दोघांचे ठरले आहे.

आईने गोपिकेची माफी मागितली नाही, मागेल असेही वाटत नाही. पण परवा शेजारच्या प्रेमिलेला मूल होत नाही म्हणून बाया बोलत होत्या, तेव्हा आई म्हणाली की तिच्या नवऱ्यालाही आमच्या सुहासकडे पाठवा. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. पान उलटायचे विसरलो.

आत्याने तुझे ते पत्र इतक्यांदा वाचून घेतले की आता ती ते तोंडपाठ म्हणते. घरात रुपरावचे नाव निघते. मी पस्तिशीचा झालो आणि मला एक आतेभाऊ होता, हे मला ठाऊकच नव्हते. तुझ्या लग्नाचे आई विचारत असते. मी सांगितले आहे की सुहासला पाहिजे तेव्हा होईल, सगळे सांगून होईल, आणि नाही झाले तरी ती आमचीच आहे.

आता कामाचे. माझ्या पाळीत मनोहरराव म्हणून आहेत. तीन वेळा त्यांच्याकडे आपल्यासारखेच झाले. बायकोला माहेरी पाठवायचे घाटत आहे. काल चहाच्या टपरीवर मी त्यांना माझे सगळे सांगितले, पहिल्यापासून. आणखी चार जण ऐकत होते. मी आवाज कमी केला नाही. कोणी हसले नाही. एकाने माझ्या चहाचे पैसे दिले, ते का दिले ते कळले नाही.

मनोहरराव सोमवारी तुझ्याकडे येतील. बायकोला घेऊन येतो म्हणाले होते, मी सांगितले, आधी एकटे जा. गडी धिप्पाड आहे, पण सुईला भितो. मीही भ्यालो होतो, तुला तेव्हा दिसू दिले नव्हते. भिंतीकडे पाहत होतो ते त्यासाठी. त्यांची बाही वर करताना काहीतरी बोलत राहा, तोवर होऊन जाईल.

आमची सगळ्यांची आठवण तुझ्याजवळ असू दे, आणि तुझी येत राहू दे.

तुझा,
दादा